खुर्चीतली झोप

दाढीवाला न्हावी म्हणजे पोहता न येणारा नावाडी, असं समोरचे घड्याळजी म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हसायचे, कारण बाकीच्यांनी तो विनोद इतक्या वेळा ऐकला होता की हसणं सोडाच, कोणी मानही वर करत नसे. पण बोलणं खरं होतं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या थोरल्याची दाढी पार शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या हनुवट्या गुळगुळीत करायच्या आणि स्वतःच्या तोंडावर रान माजू द्यायचं! नवखं गिऱ्हाईक दारातून डोकावायचं, दाढी बघायचं आणि आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय म्हणून पाटी वाचायला परत बाहेर जायचं. गल्लीने त्याला बुवा करून टाकलं होतं.

थोरला हेही काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वस्तादांकडे दोन पोरं एकाच महिन्यात काम शिकायला आली, एक जरा उंच, एक जरा बुटका. वस्तादांना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा. उंच तो थोरला, बुटका तो धाकटा, विषय संपला. नात्याने दोघं एकमेकांचे कोणी नव्हते. पण एका ताटात जेवले, एका चटईवर झोपले, एकाच फुग्यावर हात बसवला; सख्खा की चुलत हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. फुग्यावर म्हणजे खरोखरच फुग्यावर. वस्ताद फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस फासायचे आणि हातात वस्तरा द्यायचे. फुगा न फोडता सगळा फेस काढायचा. फुटला तर फेस आपल्याच तोंडावर, आणि वर वस्तादांची चापट. थोरल्याने किती फोडले याला गणती नाही. धाकट्याने पहिल्या आठवड्यानंतर एकही फोडला नाही. याच्या हाताला वजनच नाही, असं वस्ताद म्हणायचे.

वस्तादांचा आणखी एक नियम होता. न्हाव्याने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी थोरल्याने धाकट्याची करायची, धाकट्याने थोरल्याची, आणि मगच पहिलं गिऱ्हाईक घ्यायचं. "ज्याला दुसऱ्याच्या हातात गळा देता येत नाही, त्याने दुसऱ्याचा गळा हातात घेऊ नये," असं ते सांगायचे. आणि कारागिराची खरी पावती कोणती, तर गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं पाहिजे. तोंडदेखली वाहवा काय, कोणीही करतं. पण गळ्यावर वस्तरा फिरत असताना ज्याला झोप लागते, त्याने तुम्हाला सगळं देऊन टाकलेलं असतं. धाकट्याच्या खुर्चीत लोक घोरायचे. थोरल्याच्या खुर्चीत फार तर जांभया द्यायचे. थोरल्याला याचं वाईट वाटायचं नाही असं नाही, पण संध्याकाळपर्यंत तो ते विसरून जायचा.

वस्ताद गेले आणि दुकान दोघांचं झालं. बरं चाललं होतं. टेकडीवरच्या मोठ्या घरात एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता, त्याची दाढी करायला धाकटा दर आठवड्याला पेटी घेऊन जायचा. एका सकाळी तो असाच जाऊन आला, आणि दुपारी म्हातारा गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. गळा चिरलेला माणूस आणि सकाळी वस्तरा घेऊन येऊन गेलेला न्हावी! दोन आणि दोन चार करायला फार डोकं लागत नाही. पोलिसांना लागलं नाही, कोर्टालाही लागलं नाही. थोरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून ओरडला होता, "साहेब, दाढी पुरी झालीय त्याची, वर तुरटी फिरवलीय! जीवच घ्यायचा होता तर तुरटी कशाला फिरवेल कोणी?" साहेबांनी त्याला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. धाकट्याला जन्मठेप झाली.

पहिल्या भेटीला तुरुंगाच्या जाळीपलीकडून धाकट्याने थोरल्याच्या दाढी वाढलेल्या गालांकडे पाहिलं.

"आजारी आहेस?"

"नाही. माझ्या तोंडाला आता तुझाच वस्तरा लागेल. तोवर नाही."

"वेडा आहेस. गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे."

गिऱ्हाईक पळालंच. दाढीमुळे थोडं, आणि खुन्याचं दुकान म्हणून पुष्कळ. घड्याळजी आणि त्यांच्यासारखे चार जुने तेवढे चिकटून राहिले. थोरल्याचं लग्न ठरत आलं होतं तेही मोडलं. मुलीच्या बापाला सांगायला दाढीचं कारण बरं सापडलं. वस्तादांची दोन्ही पोरं एकदमच एकटी पडली. एक आत, एक बाहेर, एवढाच काय तो फरक.

तपाच्या वर काळ गेला. थोरल्याने वकिलांचे उंबरे झिजवले. एक वकील नुसताच आश्वासनं द्यायचा, दुसरा तेवढीही तसदी घेत नसे. शेवटी एक वकीलबाई भेटल्या. वयाने लहान, बोलायला फटकळ, पण हातात घेतलेलं न सोडणाऱ्या. दुकान बंद असायच्या दिवशी त्या यायच्या आणि आरशाखालच्या फळीवर सगळे कागद पसरायच्या. त्या कागदांत म्हाताऱ्याच्या गळ्याचा फोटो होता. जखम कुठून सुरू झाली, धार कसली असेल, हात सराईत असेल की नवखा, हे तुम्हालाच कळेल म्हणून त्या तो फोटो पुन्हा पुन्हा थोरल्यापुढे ठेवायच्या. पहिल्यांदा तो मोरीवर जाऊन ओकला. नंतर सवय झाली, असं त्याला वाटलं. डोळे फोडून फोडून त्याने जे काही सांगितलं त्याचा कोर्टात काडीचा उपयोग झाला नाही. म्हाताऱ्याचा पुतण्याच पुढे दुसऱ्या एका भानगडीत सापडला आणि बोलता बोलता म्हाताऱ्याचा गळा आपणच चिरला हेही भडाभडा बोलून गेला. वकीलबाईंनी तो धागा धरून प्रकरण शेवटपर्यंत नेलं.

या सगळ्या काळात दुकानातली दुसरी खुर्ची तशीच होती. थोरला ती रोज सकाळी पुसायचा, सांध्यांत तेल सोडायचा आणि वर चादर टाकायचा. कितीही गर्दी असली तरी तिच्यावर कोणाला बसू द्यायचा नाही. कधी कधी तिच्याशी बोलायचाही. एकटा माणूस कशाशीही बोलतो, त्यात हसण्यासारखं काही नाही.

धाकटा सुटला त्या दिवशी दरवाजाबाहेर थोरला आणि वकीलबाई, एवढेच दोघं उभे होते. धाकटा बाहेर आला तो अर्धा झालेला, डोक्यावरचे केस विरळ, खांदे पुढे आलेले. त्याने आधी दाढीकडे पाहिलं.

"एवढी?"

"मग काय! तू काय दोन दिवसांत येणार होतास?"

दोघंही हसले आणि हसता हसता थोरला असा काही हमसून रडायला लागला की वकीलबाईंनी तोंड फिरवून उगाच रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, थोरल्याने पाणी गरम केलं. धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसला. थोरल्याने त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली, ब्रश फिरवला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासून घेतला आणि त्याची हनुवटी वर केली. पहिला गाल झाला. दुसऱ्यावर वस्तरा ठेवतो तर काय, धाकटा झोपलेला! आत कधी सलग झोपलो नाही म्हणाला होता. इथे गळ्यावर वस्तरा, आणि हा पठ्ठ्या तोंड किंचित उघडं टाकून, लहान पोरासारखा. थोरल्याच्या खुर्चीत आयुष्यात पहिल्यांदा कोणी झोपलं होतं. दाढी झाल्यावरही त्याने उठवलं नाही. बाहेर घड्याळजी दार ठोठावत होते, ठोठावू दे म्हणाला.

धाकटा जागा झाला, ओशाळून उठला आणि त्याने दुसऱ्या खुर्चीवरची चादर काढली.

"चल, बस. जंगलतोड करू."

"आज नको," थोरला म्हणाला. "आधी हात तर बसू दे तुझा. उद्या."

हे तो अगदी सहज म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

हात बसायला धाकट्याला फुगे लागले. तुरुंगात त्याला सुतारकामाला लावलं होतं. इतकी वर्षं हातात रंधा होता. वस्तरा कोण देणार? मग तो दुकानात मागच्या बाजूला बसून फुगे फुगवायचा, फेस लावायचा आणि वस्तरा फिरवायचा. लाल, पिवळे, निळे. चार दिवसांत एक फुटला, तोही थोरल्याच्या कोपराने. हात बसला होता, खरं तर उठलाच नव्हता. फेस पुसलेले फुगे गल्लीतली पोरं घेऊन जायची. पोरांचे बाप मात्र थोरल्याच्या खुर्चीसमोर बाकावर बसून राहायचे.

"या ना, इकडे मोकळी आहे," धाकटा म्हणायचा.

"असू दे असू दे. मला घाई नाही," असं म्हणून गिऱ्हाईक तेच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचायला घ्यायचं. ज्याला जन्मात कधी घाई नव्हती असा एकही माणूस त्या गल्लीत नव्हता, पण आता सगळे कसे निवांत झाले होते! अगदीच भिडस्त असला कोणी तर बसायचा आणि बसता बसता सांगायचा, "केस फक्त. दाढी घरी केलीय." धाकटा मान डोलवायचा. केस कापून झाले की मानेवरचे बारीक केस वस्तऱ्याने काढतात, तेही तो न विचारता कात्रीनेच करायचा.

आणि रोज सकाळी तो थोरल्याच्या खुर्चीत बसायचा, आणि रोज सकाळी थोरल्याकडे नवं कारण तयार असायचं. सर्दी झालीय, शिंका येतात. हनुवटीवर फोड आलाय. वकीलबाई येऊ देत, त्यांच्यासमोरच करू, त्यांचाही हक्क आहे. वकीलबाई येऊन गेल्या. त्या दिवशी गरम पाणी नव्हतं. इतक्या सकाळी पाणी नेमकं त्याच दिवशी कसं संपलं, हे धाकट्याने विचारलं नाही.

एका दुपारी धाकटा बाहेर गेला असताना थोरल्याने मनाशी ठरवून दुसऱ्या खुर्चीत बसून पाहिलं. मान मागे टेकवली, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तो फोटो आला. तसाच, सगळ्या कडांसकट. हात आपोआप गळ्यावर गेला आणि तो ताडकन उठून उभा राहिला. संशय होता का? छे! धाकट्याने ते केलं असेल असं त्याच्या मनात एक क्षणही आलं नव्हतं. आलं असतं तर त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. विश्वास होता, तो मनात पक्का होता. पण एवढी वर्षं गळ्याला कोणी विचारलं होतं? त्याच्या गळ्याने तो फोटो धाकट्याला सोडवायच्या पायी इतक्या वेळा पाहिला होता की आता वस्तरा म्हटलं की त्याला तेवढंच आठवत होतं. ही काय जगाची रीत झाली, थोरला चिडून स्वतःशी म्हणाला. ज्याच्यासाठी पाहिलं, त्याच्याच हाताची भीती वाटायची?

महिना उलटला आणि वकीलबाईंचा फोन आला. लांब, बंदराच्या गावी त्यांच्या ओळखीच्या माणसाचं सलून होतं, त्याला चांगला कारागीर हवा होता. राहायची सोय होती. तिथे धाकट्याला कोणी ओळखत नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. धाकटा म्हणाला, विचार करून सांगतो. फोन ठेवून तो फुगे फुगवायला लागला.

थोरल्याने झाडलेलीच लादी पुन्हा झाडायला घेतली. हा गेला तर? एवढ्या वर्षांत एकटेपणाला एक आधार होता, धाकटा येणार आहे हा. आता येऊन गेला, तर मागे काय उरतं? दुपारी तो समोर घड्याळजींकडे जाऊन बसला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं खुपसून होते. वर न बघताच बोलले.

"बुवा, एक बोलू? राग आला तर येऊ दे."

"बोला."

"त्याच्या खुर्चीत कोणी बसत नाही म्हणून तू लोकांच्या नावाने बोटं मोडतोस. पण सगळी गल्ली तुझ्या तोंडाकडे बघतेय. त्याच्या हातूनच काढीन म्हणून दाढी वाढवली होतीस ना? तो येऊन महिना झाला. कोर्टाने लिहून दिलं तो निर्दोष आहे म्हणून, पण ते कोण वाचतं? लोक तुझी हनुवटी वाचतात." त्यांनी भिंग काढलं. "तू बस. मी लगेच तुझ्यामागून बसतो. मग बघ."

थोरला उठला तो तडक दुकानात गेला. दुकान उघडं होतं, बाकावर तिघं जण होते, ऊन दारातून आत आलं होतं. तो दुसऱ्या खुर्चीत बसला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धाकट्या, पाणी गरम आहे. काढ ही दाढी."

धाकट्याने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि चादर झटकून थोरल्याच्या गळ्याभोवती बांधली.

आधी कात्री चालली. पांढऱ्या-काळ्या केसांचे झुबके मांडीवर पडत गेले. दारात बेकरीवाल्या मावशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं. बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. गरम फडकं, मग ब्रश, मग फेस. वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज आला, आणि पहिला हात गालावरून उतरला. थोरल्याला वाटलं, अरे, हाच! याच हाताला वजन नव्हतं. इतक्या वर्षांनी गालाला वारा लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं.

"मान वर," धाकटा हळू म्हणाला.

थोरल्याने मान मागे टाकली. धाकट्याचा अंगठा गळ्याची कातडी ताणून धरायला गळ्यावर टेकला. आणि तो फोटो आला. थोरल्याने वस्तादांना आठवून पाहिलं, फुग्यांना आठवून पाहिलं, धाकटा आपल्या खुर्चीत कसा झोपला होता तेही आठवलं. काही उपयोग झाला नाही. चादरीच्या आत त्याच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. चादर होती म्हणून बरं, कोणाला दिसत नव्हतं. वस्तरा गळ्यापाशी क्षणभर थांबला. मग पुढे गेला, हलक्या हाताने, वरपासून खालपर्यंत. कुठे ओरखडासुद्धा आला नाही. धाकट्याने तुरटी फिरवली, फडक्याने तोंड पुसलं आणि चादर सोडली. थोरल्याने हात त्याआधीच मांडीवर आणले होते.

"अगं बाई, हनुवटी आहे की खाली!" बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, आणि सगळी गल्ली हसली. घड्याळजी शब्दाला जागले. "सरका, सरका, माझा नंबर," म्हणत बसले आणि दाढी होईस्तोवर अखंड बडबडत राहिले. त्यांच्यामागून बाकावरचा माणूस बसला. आठवडाभरात दोन्ही खुर्च्या चालू झाल्या. झोपत कोणी नव्हतं. सगळे डोळे उघडे ठेवून आरशात बघत बसायचे. पण बसत होते ना! थोरला खूश होता. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं तो ज्याला त्याला सांगायचा. आता रोज सकाळी तोही धाकट्याच्या खुर्चीत बसायचा, वस्तादांच्या नियमाप्रमाणे. रोज चादरीच्या आत त्याचे हात दांड्यांवर जायचे, आणि रोज चादर सुटायच्या आत मांडीवर यायचे. होईल सवय, असं तो स्वतःला समजवायचा.

एका सकाळी दोघांच्या दाढ्या झाल्या, चहा झाला, आणि कप विसळता विसळता धाकटा म्हणाला, "वकीलबाईंना हो म्हणून कळवलंय."

"कशाला? आता तर गिऱ्हाईक यायला लागलं!"

"आलं."

"मग? गल्लीत कोणी काही बोललं का? नाव सांग मला फक्त."

"थोरल्या," धाकट्याने कप पालथा घातला, "चादरीच्या आत तू खुर्चीचे दांडे धरतोस."

हात लपवले होते थोरल्याने. पण गळ्यावर अंगठा असतो आणि अंगठ्याला सगळं कळतं, हे ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे गळे ताणून धरले त्यालाच आठवलं नव्हतं. दुसऱ्या कोणाकडून असली चूक झाली असती तर चाललं असतं. दुसऱ्या कोणी अंगठ्याच्या भरवशावर पोट भरलेलं नसतं.

"तुला वाटतं मला तुझा संशय येतो?" त्याचा आवाज फाटला.

"नाही. तुला संशय असता तर मी आतच मेलो असतो. जगलो कशावर? तुझ्या त्या वेड्या दाढीवर." धाकटा खुर्चीच्या कडेला टेकला. "भीती वाटते तुला. तो फोटो ना?"

थोरल्याने मान डोलवली.

"मी एकदाच पाहिला, कोर्टात. माझ्यापायी तू किती वेळा पाहिलास. मला सगळं कळतं रे. तुझ्यावर राग नाही, देवाशप्पथ नाही. पण अंगठ्याला भीती आणि संशय सारखेच लागतात. गळा ताठ तो ताठच. कोर्टाने मला सोडलं. गल्लीनेही सोडलं म्हण हवं तर. तुझा गळा सोडत नाही. रोज सकाळी पहिलं काम तेच, आणि रोज सकाळी मला पुन्हा पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं."

"मग मी बसत नाही. वाढवतो पुन्हा."

"त्याने काय होईल? नाही बसलास तरी कळतंच ना."

ज्या माणसाला मी वाचवायला गेलो त्याच माणसाला मीच नकोसा झालो, असं काहीतरी थोरल्याच्या मनात आलं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. शिवाय ते खरंही नव्हतं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तिथे मला कोणी ओळखत नाही," धाकटा म्हणाला. "तिथे एखादं तरी गिऱ्हाईक झोपेल."

गाडीवर सोडायला थोरला एकटाच गेला. धाकट्याकडे एक पिशवी आणि वस्तादांच्या वेळची पेटी होती. खिडकीतून त्याने थोरल्याच्या हनुवटीला बोट लावलं, कारागिरासारखं, कुठे काही राहिलंय का बघितल्यासारखं. गाडी गेली. परत येऊन थोरल्याने दुसरी खुर्ची पुसली, तेल सोडलं आणि वर चादर टाकली.

पुन्हा एकटेपण आलं, पण हे जुनं नव्हतं. जुन्याशी त्याची ओळख होती. त्यात धावपळ होती, वकीलबाईंचे कागद होते, भेटीचे दिवस होते, कोणाला तरी शिव्या घालायला मिळत होत्या. आता शिव्या घालायच्या तरी कोणाला? संध्याकाळी दुकान बंद करून तो वरच्या खोलीत जायचा तर दोन ताटं घ्यायला हात जायचा. सकाळी पाणी गरम करायचा आणि मग आठवायचं की कोणाची दाढी करायची नाही आणि कोणी करणारही नाही. स्वतःची स्वतः करायची नाही, हा वस्तादांचा नियम होताच. दाढी पुन्हा वाढायला लागली. घड्याळजींनी ती पाहिली, नावाड्याचा विनोद त्यांच्या ओठांवर आला असावा, पण त्यांनी तो गिळला. तेवढं त्यांना कळत होतं.

धाकट्याचे फोन यायचे. खोली बरी आहे, मालक कंजूष आहे, वारा खारट आहे, कपडे वाळत नाहीत. थोरलाही इकडचं सांगायचा. दोघंही बाकीचं बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी, दुकान रिकामं असताना, फोन वाजला. धाकटा धापा टाकत होता. जिना चढून आला असावा, किंवा नुसताच आनंदाने.

"थोरल्या! आज एक जण झोपला."

थोरला बसला होता तो उभा राहिला. "घोरत होता?"

"नुसता घोरत? लाळ गळत होती! बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, मालक खुणा करतोय उठव म्हणून. नाही उठवला मी."

"कोण होता?"

"कोण जाणे. बोटीवरचा असेल, अंगाला मासळीचा वास होता. मी नाव विचारलं नाही. त्यानेही माझं विचारलं नाही." धाकट्याचा आवाज खाली आला. "गळा असा होता थोरल्या, असा मऊ... फुग्यासारखा."

थोरल्याला हसू आलं आणि ते संपायच्या आतच रडू आलं. जे त्याला एवढ्या वर्षांच्या प्रेमाने देता आलं नव्हतं, ते एक परका माणूस झोपेत देऊन गेला होता. त्याला हेवा वाटला. आणि त्या माणसाचे पाय धरावेत असंही वाटलं.

"दाढी कुठवर आली?" पलीकडून प्रश्न आला.

"पहिल्या बटणापर्यंत."

"कोणाकडून तरी करून घे."

"छट्! माझ्या तोंडाला तुझाच वस्तरा." थोरल्याने घसा साफ केला. "पण आता उगाच येऊन बसणार नाही. झोप लागेल असं वाटलं की गाडीत बसतो. लागेल थोडा वेळ."



"ये," धाकटा म्हणाला. "घाई करू नकोस. मी खुर्ची पुसून ठेवतो."

फोन ठेवल्यावर थोरल्याने दुसऱ्या खुर्चीवरची चादर काढली, घडी घातली आणि तो तिच्यात बसला. मान मागे टेकवली, डोळे मिटले. फोटो आला. त्याने डोळे उघडले, थोडं थांबून पुन्हा मिटले. समोरच्या दुकानातून घड्याळजी बघत होते, बघू दे. बोटं दांड्यांवरून एकेक करून सोडवत, गिऱ्हाईक येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.